टूथब्रशने झाडलेली नगरपालिका

फोको यान्सनला तीस वर्षं पूर्ण झाली त्या शनिवारी सकाळी तो काळा कोट आणि आजोबांची उंच टोपी घालून नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभा राहिला, आणि मित्रांनी झाडू म्हणून हातात जे दिलं ते पाहून त्याने कपाळावर हात मारून घेतला. दांडा झाडूचाच होता, चांगला लांब. पण त्याच्या टोकाला दात घासायचा ब्रश बांधलेला होता.

“हे काय रे?” फोकोने विचारलं.

“तू कवळ्या बनवतोस ना? मग तुझं हत्यार तुला,” हार्म म्हणाला. हार्म खाटीक होता, गावातल्या समस्त वात्रटपणाचा प्रमुख होता आणि फोकोचा जिवलग मित्रही होता. “मऊ बघून आणलाय. नगरपालिकेच्या हिरड्या दुखायला नकोत.”

एवढं बोलून त्याने पोतंभर बाटल्यांची झाकणं खळ्ळकन पायऱ्यांवर ओतली.

आमच्या वेस्टरझीलमध्ये, म्हणजे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या गावात, ही रीत जुनी आहे. तिशीपर्यंत ज्याचं लग्न झालेलं नाही त्याने वाढदिवसाला नगरपालिकेच्या पायऱ्या झाडायच्या. मित्रांनी कचरा टाकत राहायचं, त्याने झाडत राहायचं, आणि एखाद्या बिनलग्नाच्या मुलीने येऊन त्याचा मुका घेतला की त्याची सुटका. असं का, ते विचारू नका. ज्याने हे सुरू केलं त्याला बहुधा फुकटात पायऱ्या झाडून हव्या होत्या.

संध्याकाळी सहाच्या घंटेपर्यंत एकही मुलगी फिरकली नाही, तर मात्र आल्मुटमावशी येते. मावशी ऐंशीच्या पुढची आहे, तिने लग्न केलेलं नाही, म्हणजे ती नियमात चोख बसते. पर्स घेऊन, ओठ रंगवून ती येते आणि घंटा पडली की पायरीवर जो झाडू धरून उभा असेल त्याला सोडवते. अडचण एवढीच की मावशीने सोडवलेल्यांपैकी आजवर एकाचंही लग्न झालेलं नाही. पोस्टमन एकटा आहे. नगराध्यक्ष लुबेनबाईंचा धाकटा भाऊ एकटा आहे, आणि तो तर दिसायला बरा आहे, स्वतःची होडीही आहे. गाव या गोष्टीवर हसतं, पण लग्नाच्या वयाचे मुलगे मावशीच्या घराजवळ आले की रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

फोकोचा जीव अडकला होता इन्सा फोल्कर्ट्समध्ये. इन्सा गावच्या खलाशी-गाण्यांच्या मंडळात अ‍ॅकॉर्डियन वाजवायची आणि फोको त्याच मंडळात मागच्या रांगेत उभा राहून गायचा. कित्येक वर्षं दर बुधवारी दोघं भेटत होते, आणि एवढ्या काळात फोको तिच्याशी काय बोलला होता, तर “मोईन” आणि “आज वारा आहे.” आमच्याकडे सकाळ-दुपार-संध्याकाळ कधीही भेटा, “मोईन” म्हटलं की काम भागतं. दोनदा म्हणणारा माणूस बडबड्या समजला जातो. तर अशा गावात प्रेम जमायचं कसं? म्हणून हार्मनेच पुढाकार घेऊन इन्साला विचारलं होतं, “शनिवारी दहाच्या आत येशील का पायऱ्यांवर? आमचं येडं तुझी वाट बघेल.” त्यावर इन्सा म्हणाली होती, “बघते.” आमच्या गावात बाई “बघते” म्हणाली म्हणजे जवळजवळ प्रेमपत्रच झालं. फोकोला त्या रात्री झोप आली नव्हती.

पण नेमका त्याच शनिवारी गावात सिनेमा आला.

सिनेमा अमेरिकेचा होता. एक अमेरिकी हेर एका दुष्ट माणसाचा पाठलाग करत ‘जर्मन खेड्यातल्या जत्रेतून’ गाडी पळवतो, असा त्यात प्रसंग होता. हेराची गाडी चौकातून निघून जाणार तेवढ्यापुरतंच आमचं गाव पडद्यावर दिसणार होतं. तरी लुबेनबाई हरखून गेल्या होत्या. “जगाच्या नकाशावर येतंय आपलं गाव!” असं त्या महिनाभर सांगत होत्या. आम्ही नकाशावर आधीपासून आहोत असं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा.

“फोको, दहाच्या आत आटप हं,” त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. “मग चौक त्यांचा.”

“बाई, मुका काय माझ्या हातात आहे?” फोको म्हणाला होता.

सिनेमावाले भल्या सकाळीच आले आणि त्यांच्या कपडेपटाने गाण्यांचं अख्खं मंडळ शाळेच्या व्यायामशाळेत कोंडलं. इन्सासकट. मंडळाचे म्होरके कप्तान टामेन यांचा निळा कोळीसदरा काढून घेण्यात आला आणि हातात चामड्याची अर्धी चड्डी देण्यात आली, वर हिरवी टोपी, तिच्यात पीस.

“पोरी, मी उभा जन्म समुद्रावर काढला,” कप्तान कपडेवालीला म्हणाले. “माझे गुडघे फक्त डॉक्टरने बघितलेत.”

“पण तुम्ही जर्मन आहात ना?”

“आहे की.”

“मग ही तुमची पारंपरिक वेशभूषा आहे.”

“ही डोंगरातल्या लोकांची. ते देशाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. त्यांचं बोलणंसुद्धा मला धड कळत नाही.”

“चढवा लवकर, कॅमेरा लागतोय,” ती म्हणाली. कप्तानांनी वादळं पाहिली होती, पण असली बाई पाहिली नव्हती. त्यांनी चड्डी चढवली. समुद्रावरून येणारा आमचा वारा त्या दिवशी त्यांच्या गुडघ्यांना पहिल्यांदा भेटला.

इन्साकडून अ‍ॅकॉर्डियन काढून घेतला, कारण जर्मन बाई वाद्य वाजवत नाही, बिअर वाहते, असं कपडेवालीच्या कागदांत होतं. तिला गच्च आवळलेला फुगीर बाह्यांचा झगा घातला आणि दोन्ही हातांत मिळून काचेचे सहा भलेमोठे मग दिले. मगांमध्ये चहा होता, कारण आमच्या भागात सकाळी कुणी बिअर पीत नाही, चहाच पितात, आणि त्यावर दाढीच्या साबणाचा फेस होता, कारण सिनेमाला फेस लागतो.

दिग्दर्शक हॅडलो गाडीतून उतरला तो फोनवर बोलतच. त्याचं लग्न ठरलं होतं, ते दोन महिन्यांवर आलं होतं, आणि मंडपात पांढरी फुलं हवीत की सायीच्या रंगाची, यावर अमेरिकेतल्या वाग्दत्त वधूशी त्याची चर्चा चालू होती. फोन खिशात टाकून त्याने चौकाकडे पाहिलं. आमचा चौक पोळपाटासारखा सपाट आहे. गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे समुद्राचा बांध, आणि त्यावर चढलं की शेजारच्या गावातल्या गायी दिसतात.

“डोंगर कुठेत?” हॅडलोने विचारलं.

त्याच्याबरोबर रोन्या नावाची एक मुलगी होती, बर्लिनची. दुभाषी म्हणून आणि जर्मनीची माहिती द्यायला तिला ठेवलं होतं. ‘असं नसतं’ हे हॅडलोला सांगायचं आणि मग ‘असंच करा’ हे इतरांना सांगायचं, असं तिच्या नोकरीचं स्वरूप होतं. “सर, इथे डोंगर नाहीत,” ती म्हणाली.

“संगणकावर लावू. बर्फवाले.”

“लावा की, हवे तेवढे लावा,” लुबेनबाई उदारपणे म्हणाल्या.

आणि तेवढ्यात हॅडलोची नजर पायऱ्यांवर गेली. तिथे काळ्या कोटातला, उंच टोपीतला एक गंभीर तरुण दगडी पायरी टूथब्रशने घासत होता. गंभीर अशासाठी, की दहा वाजत आले होते आणि इन्साचा पत्ता नव्हता. हॅडलो जागच्या जागी थबकला. त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं.

“रोन्या,” तो हळू आवाजात म्हणाला, “हे बघ. हाच जर्मनी मी शोधत होतो. सरकारी इमारतीच्या पायऱ्या टूथब्रशने! आणि तेही सुटाबुटात!”

“सर, ती गंमत आहे. त्याचा वाढदिवस आहे, मित्रांनी चेष्टेने—”

“गंमत?” हॅडलो तिच्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला. “रोन्या, जर्मन माणसं विनोद करत नाहीत. मी या सिनेमासाठी दोन वर्षं अभ्यास केलाय. चेहरा बघ त्याचा. तो माणूस चेष्टा करतोय असं वाटतं तुला?”

फोकोचा चेहरा खरोखरच तसा वाटत नव्हता.

“त्याला हलवू नका!” हॅडलो ओरडला. “तो चित्रात हवा!”

इथून घोळ सुरू झाला. सिनेमात एकच प्रसंग पुन्हापुन्हा चित्रित करतात, आणि प्रत्येक वेळी मागची प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे असावी लागते. तेव्हा फोकोने पायरी घासायची, चित्रण संपलं की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तीच पायरी घासायची. हार्मने सवयीप्रमाणे नवी झाकणं उधळली, तर सिनेमाची तीन माणसं धावत आली. त्यांनी प्रत्येक झाकणाचा फोटो काढला, प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला आणि गोलाला नंबर दिला.

“अहो, कचरा आहे तो,” हार्म म्हणाला.

“माहीत आहे. सतरा नंबर उलटा पडलाय,” त्यातला एक म्हणाला आणि त्याने चिमट्याने सतरा नंबर सुलटा केला.

आमचं अख्खं गाव हे बघत होतं. आमच्याकडे एवढी शिस्त फक्त दफनविधीला असते.

पहिलं चित्रण लागलं. हेराची गाडी नंतर वेगळी घेणार होते, आधी नुसती जत्रा. मंडळ रांगेत उभं राहिलं, त्यांना पितळी तुताऱ्या दिल्या होत्या आणि त्या नुसत्या तोंडाला लावून गाल फुगवायचे होते. इन्साने सहा मग घेऊन चौकाच्या डावीकडून उजवीकडे जायचं होतं. “अ‍ॅक्शन!” झाल्याबरोबर इन्सा निघाली आणि उजवीकडे न जाता सरळ पायऱ्यांकडे चालू लागली. फोकोने तिला येताना पाहिलं. त्याच्या हातातला ब्रश थांबला.

“कट!” हॅडलो ओरडला. “ती बाई सफाईवाल्याकडे का चाललीय?”

“सर, ती मुका घ्यायला—” रोन्याने सांगायचा प्रयत्न केला.

“जर्मन माणूस कामाची जागा सोडतो का कधी? तिला पट्टी द्या!”

लगेच जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावली गेली. इन्साने पट्टीवर उभं राहायचं आणि ठरलेल्या रेषेवरूनच चालायचं. फोकोलाही पट्टी मिळाली. मग चित्रण झालं की पुन्हा चित्रण. मधल्या वेळात दोघं आपापल्या पट्टीवर उभे राहून चौकाच्या या टोकावरून त्या टोकाला एकमेकांकडे बघत होते. एकदा फोकोने टोपी किंचित उचलली. इन्साने एक मग किंचित वर केला. आमच्या गावच्या मानाने हे फारच झालं. दोन बायकांनी माना दुसरीकडे वळवल्या.

दुपार झाली, कलायला लागली. सूर्य बांधाकडे झुकला तसा हार्म घाबरा झाला. सहाच्या आत इन्सा पायऱ्यांवर पोचली नाही, तर मावशी येणार. आणि मावशी आली की फोकोचा पोस्टमन होणार. त्याने रोन्याला गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. रोन्या बर्लिनची असली तरी माणूस चांगली होती. तिला दिवसभरात पहिल्यांदा आपल्या नोकरीचा काही उपयोग आहे असं वाटलं.

“मी विनंती केली तर ऐकायचा नाही तो,” ती म्हणाली. “पण थांबा.” आणि ती हॅडलोकडे जाऊन कोरड्या आवाजात म्हणाली, “सर, अडचण आहे. त्या सफाईवाल्याचा आज मुका घ्यावाच लागेल. तसा नियम आहे.”

हॅडलोचा चेहरा एकदम बदलला. “नियम आहे?”

“नियम.”

“मग सकाळीच सांगायचं ना! नियम मोडला तर हे लोक परवानगी रद्द करतील!” त्याने कानात यंत्र घातलेल्या सहायकाला बोलावलं. “वेळापत्रकात घाल. शेवटचं चित्रण संपलं की मुका.”

हार्मने रोन्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला. पायऱ्यांवरून फोको बघत होता, त्यालाही हार्मने अंगठा दाखवला. पण सहायक कागद-पेन घेऊन उभाच होता. “कुणी घ्यायचा?” त्याने विचारलं. “नाव लागेल. अधिकृत व्यक्तीचं.”

रोन्याने इन्साचं नाव सांगायला तोंड उघडलं, पण लुबेनबाई मध्ये पडल्या. सकाळपासून आपल्याला कुणी काही विचारत नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं. “अधिकृत म्हणाल तर आल्मुट रेंकेन,” त्या म्हणाल्या. “तिचा अनुभव दांडगा आहे.”

“बाई!” हार्म किंचाळला. “काय केलंत!”

“काय केलं? विचारलं ते सांगितलं,” लुबेनबाई म्हणाल्या. पण सिनेमाची काळी गाडी मावशीला आणायला निघालीसुद्धा होती.

मावशी आली ती गाडीतून, आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या गाडीतून, त्यामुळे खुशीत होती. तिला हॅडलोच्या शेजारची खुर्ची मिळाली. बरोबर तिने चहाचा थर्मास, खडीसाखर, सायीचं भांडं आणि दोन नाजूक कप आणले होते, कारण चहाशिवाय ती कुणाचीच वाट बघत नाही. तिने हॅडलोला कप भरून दिला. त्याने शिष्टाचार म्हणून प्यायला. तिने पुन्हा भरला. आमच्याकडे पाहुण्याला आणखी चहा नको असेल तर तो कपात चमचा उभा करून ठेवतो. नुसतं “नको” म्हणणं म्हणजे भिडस्तपणा समजतात. हॅडलो “नको, नको” म्हणत होता आणि चमचा बशीत ठेवत होता. मावशी भरत होती.

“भला माणूस आहे,” मावशी शेजारी उभ्या असलेल्या हार्मला म्हणाली. “माझ्याबरोबर इतका चहा कुणी पीत नाही. बाकीचे दुसऱ्या कपालाच चमचा उभा करतात.”

“मावशी, तू घरी जा ना. थंडी वाजेल,” हार्म काकुळतीने म्हणाला.

“घरी कशी जाऊ? माझं नाव कागदावर आहे,” मावशी म्हणाली, आणि पर्स उघडून तिने आरसा काढला.

तिकडे पायऱ्यांवरून फोकोने हे पाहिलं. दिवसभर एकच पायरी घासून त्याची कंबर मोडली होती, टूथब्रशचे केस आडवे झाले होते, पण तो रडवेला झाला तो आरसा बघून. पोस्टमन गर्दीत उभा होता. त्याने फोकोकडे अशा काही आपुलकीने पाहिलं की फोकोने नजर फिरवली.

कप्तान टामेननी तुतारीमागून इन्साला हाक मारली. “पोरी.”

“काय कप्तान?”

“मावशी ओठ रंगवतेय.”

इन्साने मान वळवून बघितलं. मग तिने सहाही मग हातांत नीट धरले.

“शेवटचं चित्रण!” सहायक ओरडला. “उजेड चाललाय! अ‍ॅक्शन!”

मंडळाने गाल फुगवले. फोको वाकून पायरी घासू लागला. इन्सा पट्टीवरून निघाली, चार पावलं रेषेवर चालली आणि मग तिने रेष सोडली. वाटेत मंडळातले म्हातारे उभे होते, त्यांच्या हातात एकेक मग देत ती पुढे गेली. कप्तानांनी तुतारी काखेत मारली आणि मग घेतला. खुर्चीत हॅडलो “कट” म्हणायला ताठ झाला, पण त्याच क्षणी मावशीने नुकताच भरलेला कप त्याने उतावीळपणे तोंडाला लावलेला होता. चहा कढत होता. हॅडलोच्या तोंडून फक्त वाफ बाहेर आली.

इन्सा झाकणं तुडवत पायऱ्या चढली. सतरा नंबर कुठल्या कुठे उडाला. फोको सरळ उभा राहिला, त्याने टोपी काढली.

“मोईन,” फोको म्हणाला.

“मोईन,” इन्सा म्हणाली आणि तिने त्याचे दोन्ही कान धरून त्याचा मुका घेतला.

चौकात असा काही गलका झाला की बांधावरच्या मेंढ्या पळाल्या. कप्तानांनी साबणाच्या फेसासकट चहा घोटला आणि खलाशांचं गाणं उचललं, मंडळाने तुताऱ्या टाकून सूर धरला, हार्म लुबेनबाईंना मिठी मारून नाचायला लागला. फोकोने ब्रशचा दांडा टाकून दिला आणि इन्साचा हात धरला, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी लांबलचक वाक्य बोलला: “मला वाटलं तू येतच नाहीस आणि आता माझं काही खरं नाही.”

“मीच येणार होते. सकाळपासून येतेच आहे,” इन्सा म्हणाली. “चल, या झग्यात जीव गुदमरतोय.”

हॅडलोने छोट्या पडद्यावर सगळं पुन्हा बघितलं. रोन्या आशेने त्याच्याकडे बघत होती. म्हातारे गातायत, मुलगी पायऱ्या चढतेय, मावळतीचा उजेड पडलाय. शेवट बघून हॅडलोने सुस्कारा सोडला.

“फार सुंदर,” तो म्हणाला. “कापावं लागेल.”

“का?”

“कोण विश्वास ठेवील? जर्मन बाई काम सोडून मुका घेतेय आणि जर्मन म्हातारे हसतायत! लोक म्हणतील, यांनी जर्मनी कधी पाहिला तरी आहे का? आधीचं चित्रण घेऊ.” आणि सतरा नंबर कुठे उडाला ते शोधायला तो स्वतः पायऱ्या चढून गेला. तिथे पडलेला टूथब्रशचा दांडा त्याने उचलला आणि कौतुकाने न्याहाळू लागला.

त्याच क्षणी सहाची घंटा झाली.

सगळ्यांनी हॅडलोकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या दांड्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशी आधीच उठली होती. तिने पर्स काखेला लावली आणि एकेक पायरी चढत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओठ रंगवलेले होतेच, नाव कागदावर होतंच.

“आल्मुट, अगं तो पाहुणा—” कुणीतरी म्हणालं.

“नियम म्हणजे नियम,” लुबेनबाई म्हणाल्या.

मावशीने हॅडलोचा चांगला दणदणीत मुका घेतला. हॅडलो गाल पुसत रोन्याकडे वळला. “हे काय होतं?”

“नियम,” रोन्या म्हणाली.

“अच्छा,” हॅडलो म्हणाला आणि लग्नाच्या फुलांसाठी अमेरिकेला फोन लावू लागला.

पुढच्या वर्षी सिनेमा आला. व्यायामशाळेत गावाने एकत्र बसून तो पाहिला. वेस्टरझीलच्या मागे बर्फाचे डोंगर होते, कप्तानांचे गुडघे होते, आणि एक उंच टोपीतला तरुण मरणाचं तोंड करून टूथब्रशने नगरपालिका घासत होता. पडद्यावर ते दिसल्याबरोबर अंधारात फोकोची बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. फोकोची बायको म्हणजे इन्सा. लग्न वसंतातच झालं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका शनिवारी, हॅडलो आला. बरोबर कॅमेरे नव्हते, मोठी गाडी नव्हती. फक्त रोन्या होती. तो वाळला होता. नगरपालिकेत लुबेनबाईंसमोर बसून त्याने बराच वेळ नुसती टोपी फिरवली.

“पहिली त्याच महिन्यात सोडून गेली,” शेवटी तो म्हणाला. “मग दुसरीशी ठरलं. तेही मोडलं. परवा तिसरीने फोन केला.” त्याने घसा खाकरला. “रोन्याने मला त्या म्हाताऱ्या बाईंचं सांगितलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण... यावर काही उपाय आहे का?”

लुबेनबाईंनी हार्मकडे पाहिलं. हार्मने कप्तानांकडे पाहिलं. कप्तानांनी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्याकडची शांतता फार वेळ टिकते, आणि त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त टिकली.

“नियम आहे,” हार्म गंभीरपणे म्हणाला.

“लेखी?” हॅडलोने आशेने विचारलं.

“फार जुना,” लुबेनबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. आम्हाला त्यांचा त्या दिवशी पहिल्यांदाच अभिमान वाटला.

तासाभरात गाव चौकात जमलं. पायऱ्यांवर हॅडलो उभा होता, फोकोच्या आजोबांची उंच टोपी घालून आणि हातात टूथब्रश बांधलेला दांडा घेऊन. कप्तान टामेन घरी जाऊन चामड्याची अर्धी चड्डी घेऊन आले होते. ती त्यांनी सिनेमावाल्यांना परत केलीच नव्हती.

“ही पारंपरिक वेशभूषा,” कप्तान म्हणाले. “त्याशिवाय चालत नाही.”

हॅडलोने चड्डी चढवली. समुद्रावरून वारा सुटला. फोकोने पोत्यातली झाकणं पायऱ्यांवर उधळली, तसा हॅडलो खिशातून खडू काढून म्हणाला, “थांबा, आधी नंबर घालून घेऊ का?”

“घाला,” फोको म्हणाला. “नंबराशिवाय कसं चालेल?”

हॅडलो गुडघ्यांवर बसला. त्याने प्रत्येक झाकणाभोवती गोल काढला, नंबर घातला आणि मग पहिल्या पायरीपासून घासायला सुरुवात केली. इन्साने अ‍ॅकॉर्डियनवर संथ सूर धरला. चौकात शंभरेक माणसं उभी होती, म्हातारी होती, पोरं होती, पण एकाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पोस्टमनने तर टोपी काढून छातीशी धरली होती.

बऱ्याच वेळाने हॅडलोने घाम पुसला, त्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि रोन्याला जवळ बोलावलं.

“खरं सांग,” तो कुजबुजला. “ही माणसं माझी चेष्टा तर करत नाहीत ना?”

“कसं शक्य आहे सर?” रोन्या म्हणाली. “जर्मन माणसं आहेत. तुमचाच अभ्यास आहे ना?”

हॅडलोला ते पटलं. त्याने मान डोलावली आणि निश्चिंत मनाने तो पुढच्या पायरीवर वाकला. घंटेला अजून अवकाश होता. चौकाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या आल्मुटमावशीने थर्मासचं झाकण लावलं, पर्स उघडली आणि आरसा काढला.